टीव्ही बोलू लागला आणि दादा गप्प झाले

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुझा टीव्ही काल संध्याकाळी पोचला. दोन माणसांनी उचलून आणला, भिंतीवर बसवला, ‘बाई, छान दिसतोय हो’ असं मला सांगितलं आणि गेले. मी म्हटलं, असेल बाबा.

आधी भांडून घेते, आभार नंतर. सगळ्या खानदानाला चष्मे विकून झाले तुझे. तुझ्या दुकानाच्या तावडीतून मी एकटीच सुटले होते, त्याचा हा सूड का? जिला लहानपणापासून दिसत नाही तिला कुणी टीव्ही पाठवतं? तोही एवढा, की तुझ्या दादांनी हात पसरून मोजला आणि म्हणाले, “अगं, हा आपल्या खिडकीपेक्षा मोठा आहे.”

खोक्यात तुझी चिठ्ठी होती म्हणे, ‘वहिनी, हा बोलतो.’ बोलत असेल गं. पण आधी त्याला बोलतं करावं लागतं, आणि त्यात तुझ्या दादांची संध्याकाळ गेली. चालू केला तर टुणटुण वाजून गप्प. मग हे वाचायला लागले. भाषा निवडा. वाय-फायचा पासवर्ड टाका. अटी मान्य करा. पडद्यावर एक ठिपक्याठिपक्यांचा चौकोन आलाय, मोबाइलने त्याचा फोटो काढा. आता मोबाइलवर आकडा आलाय, तो पडद्यावर भरा. एवढं सगळं झाल्यावर सेटिंगच्या पोटात, आणखी एका पोटात, ‘सुलभता’ नावाचा कप्पा सापडला, आणि त्याच्या तळाशी ‘पडदा वाचून दाखवा’. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याची सोय सुरू करायला दिसणारा माणूस हवा! किल्ली आत ठेवून दार ओढून घेणाऱ्याच्या हुशारीचं काम आहे हे.

रिमोट तर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. कुठलं बटण कुठलं, त्याचं त्यालाच ठाऊक.

वाचून वाचून तुझ्या दादांचा घसा बसला. पी.टी.चा मास्तर, जन्मभर मैदानावर पोरांवर ओरडला तरी दमला नाही, तो एका टीव्हीने गार केला.

आता खरं सांग. ना माझा वाढदिवस, ना लग्नाचा. एकदम एवढं प्रेम कुठून उतू चाललं? मला सिनेमा सांगायला तुझे दादा आहेत की. लग्न झाल्यापासून सांगतायत, आणि मास्तरी आवाजात सांगतायत, त्यामुळे शेजाऱ्यांचेही सिनेमे फुकट होतात.

पत्रानेच उत्तर दे. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि ऐकत कुणीच नाही.

तुझी,
वहिनी

१७ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. ‘आभार नंतर’ असं लिहिलंयस ते ‘नंतर’ कुठे आलं ते सापडलं नाही. कागदाच्या मागच्या बाजूला असेल म्हणावं, तर ईमेलला मागची बाजूही नसते.

टीव्ही का पाठवला? मनात आलं, पाठवला. नणंदेने काही दिलं की भावजयीने संशय घ्यायचाच, असा नियम आहे वाटतं.

मी इथे टीव्हीच्या दुकानात जाऊन चौकशी करून आले. तिथल्या पोरीला म्हटलं, बटणं शोधायला डोळे लागणार नाहीत असं सांग. तर ऐक. मधलं गोल बटण आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकदम दाबून धर. बाई बोलायला लागेल. परत धरलीस की गप्प होईल. सेटिंगमध्ये जायची गरज नाही. कुठे हरवलीस तर घराच्या चित्राचं बटण दाब, म्हणजे पहिल्या पानावर येशील. कुरिअरने रबराचे बारीक ठिपके पाठवतेय. चष्मा नाकावरून घसरू नये म्हणून आम्ही ते काडीला लावतो. तू तुझ्या साबणाच्या वडीला लाव.

एकच अट. दादाला रिमोटला हात लावू द्यायचा नाही. तू एकटीने शिकायचं. चिडलीस, रडलीस, टीव्हीला शिव्या दिल्यास तरी चालेल.

दादा कसा आहे? नीट जेवतो ना? गार पाणी पिऊ देऊ नकोस.

आणि माझी पत्रं तुझ्या कॉम्प्युटरकडून मोठ्याने वाचून घेऊ नकोस, कानात घालून ऐक. आपल्या दोघींच्या गोष्टी त्याला कशाला?

तुझी नणंद

११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

आता आभार. घे, एकदाच देतेय, जपून ठेव.

तुझे ठिपके लावले आणि रिमोटला चेहरा आला. पहिले काही दिवस टीव्हीतल्या बाईशी माझं रोज भांडण. ती बोलते भराभर, आणि मध्येच पडद्यावर सिनेमाची जाहिरात आपोआप सुरू होते. मग बाई एक सांगतेय, मागे बंदुका सुटतायत, कुणीतरी किंचाळतंय. मी शोधत होते बातम्या. शेवटी बाईचा वेग कमी केला, जाहिराती बंद करायची जागाही शोधली. एकटीने! तुझ्या दादांना तेव्हा स्वयंपाकघरात पाठवलं होतं.

पण सगळीकडे सारखं नाही हं. टीव्हीच्या घरात बाई सगळं सांगते. एखाद्या अ‍ॅपच्या दारातून आत गेलं की तिची वाचा बसते. एका अ‍ॅपमध्ये ती नुसतं म्हणते, “बटण. बटण. बटण.” मी म्हटलं, बाई, शिवणाच्या दुकानात आलो का आपण? आणि परवा मी तीन भाग सलग ऐकले, तर टीव्ही थांबला आणि विचारतो, “अजून बघताय का?” मी म्हटलं, सुरुवात तरी कधी केली होती?

आता मोठी गंमत. काही सिनेमांना ‘दृश्यवर्णन’ असतं. बोलण्याच्या फटींमध्ये एक माणूस शांतपणे सांगतो: ती खिडकीशी जाते, तो टोपी काढतो. मी तो इंजिन ड्रायव्हर आणि त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा सिनेमा लावला. तुझ्या दादांनी मला खूप वर्षांपूर्वी सांगितलेला. त्यात शेवटी कुत्रा ड्रायव्हरच्या लेकीकडे राहायला जातो आणि तिथे अंगणात उन्हात झोपतो.

वन्सं, कुत्रा मरतो! वर्णन करणारा माणूस सांगतो, तो झाडाखाली खड्डा खणतो, घोंगडी खाली ठेवतो.

मी म्हटलं, “अहो, कुत्रा मेला की!”

“कुठला?”

“तुमचा! लेकीकडे गेलेला!”

हे म्हणाले, “तू त्या दिवशी रात्रपाळी करून आली होतीस. कशाला मारायचं त्याला?”

मग मी सपाटा लावला. जुने चार सिनेमे परत ऐकले. एकात म्हातारी आई वृद्धाश्रमात राहते, यांनी तिला घरी आणली होती. एकात दोघांचं लग्न होतच नाही. आणि त्या शिंप्याच्या सिनेमात यांनी एक अख्खं नाचाचं दृश्य घुसवलंय, जे मुळात नाहीच! मी हसून हसून लोळले. म्हटलं, आता माझ्या घरात एक खरं बोलणारा माणूस आला. मुद्दाम बाईचा आवाज काढून पुरुषाचा लावला. चांगला भारदस्त आहे. तुझे दादा म्हणाले, “बरा आहे गडी.” बस्स, तेवढंच.

तेव्हापासून रुसलेत. बोलतच नाहीत. ‘हो’, ‘नाही’, ‘चहा’, एवढ्यावर आलेत. आवाजही घोगरा, तुटका काढतात. हॉस्पिटलच्या टेलिफोनवर मी जन्म काढला. कुठला डॉक्टर बायकोशी भांडून आलाय ते मला त्याच्या ‘हॅलो’वरून कळायचं. हा रुसव्याचा आवाज आहे, पैज लावून सांगते. या वयात टीव्हीवर जळतायत!

तुझी,
वहिनी

१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

कुत्र्याचं वाचून मी दुकानात एकटीच हसत होते. गिऱ्हाइकाला वाटलं, मी त्याच्या नाकाला हसतेय.

तुला आज कळतंय. मला गोवर आला होता तेव्हा दादा सिनेमा बघून आला आणि मला उशाशी बसून सांगितला. त्यात एक हत्ती होता, तो नदीत बुडणाऱ्या मुलीला वाचवतो. पुढे मोठेपणी मी तो सिनेमा पाहिला. वाट बघत बसले, हत्ती येईल, आता येईल. दिवे लागले तरी हत्ती आला नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, “तू आजारी होतीस. साधी बोट पुरली नसती.”

पण वहिनी, त्याला फार चिडवू नकोस. बोलायलाही लावू नकोस. नसेल बोलावंसं वाटत. गारठ्याचे दिवस आहेत, घशाला त्रास होतो या दिवसांत, आणि घसा म्हणजे, वयही झालं आता. रुसलाय असंच धरून चाल.

तू स्वतः सगळं लावतेस ना? त्याच्या मदतीशिवाय? अगदी सिनेमा शोधण्यापासून?

तुझी नणंद

८ मार्च

वन्सं,

आधी एक गंमत सांगते, मग तुझी खरडपट्टी.

मागच्या आठवड्यात टीव्ही रात्रीतून आपला आपण अद्ययावत झाला. सकाळी चालू केला तर मुका. तुझे दादा बाहेर. हल्ली दर मंगळवारी ‘चालायला’ जातात, तेही न्याहारी न करता. कंपनीला फोन लावला. पोरगा गोड होता.

“मॅडम, स्क्रीनवर काय दिसतंय?”

“काही नाही.”

“पूर्ण काळी आहे का?”

“मला विचारशील तर, हो. साठ वर्षं झाली.”

तो म्हणाला, एक मिनिट, वरिष्ठांना विचारतो. गाणं लावून गेला. परत आला आणि म्हणाला, “मॅडम, घरात दुसरं कुणी आहे का?” मी म्हटलं, “बाळा, घरात मी आहे.” आणि मग मलाच तुझी दोन बटणं आठवली. दाबून धरली, टीव्ही बोलला. त्या पोराला टाळ्या वाजवायला लावल्या मी फोनवर. तो म्हणाला, मॅडम, हे मी लिहून घेतो, पुढच्यांना सांगायला.

तर एवढ्या आनंदात होते, आणि आज दुपारी फोन वाजला. एक बाई. “कान-नाक-घसा दवाखान्यातून बोलतेय. सरांना सांगा, गुरुवारी उपाशीपोटी या. पाणीसुद्धा नको. आणि सोबत कुणीतरी आणा, शस्त्रक्रियेनंतर त्यांना बोलता येणार नाही.”

मी म्हटलं, “हो, सांगते.” तोच जुना कामाचा आवाज लावून. रिसीव्हर ठेवला आणि खुर्ची कुठे आहे ते मला माझ्याच घरात सापडेना.

हे अजून आलेले नाहीत. मी त्यांना अजून काही विचारलेलं नाही. आधी तुला विचारतेय. ‘गार पाणी देऊ नकोस.’ ‘बोलायला लावू नकोस.’ ‘एकटीने शीक.’ तुला माहीत होतं. आणि मी रुसवा म्हणून हसत होते! अख्ख्या हॉस्पिटलचे आवाज ओळखणारी मी, घरातला एक ओळखला नाही.

आता मला चिडवू नकोस, धीरही देऊ नकोस. जे आहे ते सांग.

वहिनी

८ मार्च, संध्याकाळ

वहिनी,

सांगते. सगळं सांगते.

डिसेंबरात दादाने मला दुकानात फोन केला. आवाज इतका दबका, की मी विचारलं, कोण बोलतंय? घशात, आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. काढावी लागेल, आणि काढल्यावर तपासणीला पाठवतील. त्याआधी काही सांगता येत नाही म्हणाले. साधी असू शकते. नसूही शकते. काढल्यानंतर बरेच दिवस एक शब्द बोलायचा नाही, आणि पुढे आवाज किती परत येईल त्याची खात्री नाही.

मी रडायला लागले. तर तो मला म्हणतो, “ते राहू दे. मला एक सांग, बोलणारा टीव्ही मिळतो म्हणतात, तो कुठे मिळतो? हिला सिनेमा कोण सांगणार?”

टीव्ही त्याने मागवलाय, वहिनी. मी फक्त माझं नाव दिलं. त्याच्याकडून आला असता तर तू ‘का?’ म्हणून विचारलं असतंस, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. सिनेमातलं सोडून.

तू एकटीने शिकावंस ही अटही त्याचीच. तू भांडत होतीस ना टीव्हीशी, तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा राहून ऐकायचा. मला मेसेज करायचा, ‘आज तिने वेग कमी करायचं शोधलं.’ ‘आज जाहिरात बंद केली, मी मदत केली नाही.’ तू पुरुषाचा आवाज लावलास त्या दिवशी लिहिलं, ‘आता मी सुटलो.’ मला ते वाचवेना.

तुला सांगू नकोस म्हणाला, तपासणीचा निकाल येईपर्यंत. मी गप्प बसले. काय करू, थोरला भाऊ आहे. तू हवं तेवढं रागाव. पण त्याच्यावर नको, माझ्यावर रागाव.

मी निघून येऊ का?

तुझी नणंद

१६ मार्च

प्रिय वन्सं,

येऊ नकोस. घरात दोन रडणारी माणसं झाली तर ते तिसरे कुठे जातील?

त्या दिवशी हे आले. चपला काढायच्या आधी मी म्हटलं, “गुरुवारी उपाशीपोटी जायचंय. पाणीसुद्धा नाही. सोबत मी येतेय.” दारातच उभे राहिले. माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, पोरं गुन्हा कबूल करताना करतात तसा. मी डोक्यावर एक चापट दिली. मग दोघं जेवलो.

मी रागावले तुझ्यावरही. पण पत्रात रागवायला शब्द फार लागतात, म्हणून सोडून दिलं.

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, मी सांगेपर्यंत शब्द नाही, कुजबुजही नाही. कुजबुजण्याने घशाला जास्त ताण पडतो म्हणे. तपासणीचा कागद यायला वेळ आहे.

तर आता आमचं घर बघ. एकाला बोलता येत नाही, एकीला दिसत नाही. ते मान डोलवतात, मला काय कळणार? मी ‘अहो’ म्हणते, ते हात वर करत असतील. टेबलावर एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं ठरवलं. पण ‘भाजी कुठली आणू?’ याचं उत्तर टकटकीत कसं द्यायचं? मोबाइलवर लिहितात, मोबाइल वाचून दाखवतो. पण त्यांची बोटं जाडी. काल मोबाइल मला म्हणाला, “गाढवाला मीठ कमी आहे.” ‘आमटीला’ लिहायचं होतं. गाढव कसं आलं ते त्यांनाच ठाऊक. हसायचीही बंदी आहे त्यांना. नुसते खांदे हलतात, सोफा हलतो, त्यावरून कळतं.

रात्री मात्र घर फार शांत असतं गं.

तुझी,
वहिनी

२४ मार्च

प्रिय वन्सं,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. नीट ऐक.

आज कागद मिळणार होता. मला सकाळपासून कणकण होती, म्हणून हे एकटेच गेले. जाताना मोबाइल चार्जिंगला लावलेला आतच विसरले, हे मला ते गेल्यावर लगेच कळलं. घरात बसवेना. मी टीव्ही लावला, काहीतरी शोधू म्हणून शोधण्याच्या पानावर गेले आणि काय शोधायचं तेच सुचेना.

दार उघडल्याचं ऐकू आलं. मी म्हटलं, “काय आलं?”

टकटक नाही. टेबल दारापासून लांब. त्यांचा श्वास ऐकू येत होता, जिना भराभर चढून आलेला. आत मोबाइल शोधायला गेले असतील म्हणून मी थांबले, तर हे माझ्यासमोरच. माझ्या हातातला रिमोट काढून घेतला.

शोधण्याच्या पानावर अक्षरांच्या पट्ट्या असतात. एकेक अक्षरावर जाऊन बटण दाबायचं, आणि तो भारदस्त गडी ते अक्षर बोलतो.

टीव्ही म्हणाला, “ग.”

मग किती वेळ नुसतं टिक-टिक-टिक, एका अक्षरावरून दुसऱ्यावर.

“काना.”

“ठ.”

मी सोफ्याची कड धरली. “पुढे?” म्हटलं. “अहो, पुढे?”

“जागा सोडली.” टिक-टिक. “व.”

वन्सं, ‘व’पासून काय सुरू होतं ते मला त्या एका क्षणात कळलं. वाईट.

“पुसलं,” टीव्ही म्हणाला.

जाडी बोटं! चुकीच्या अक्षरावर पडली होती!

“स.” “काना.” “ध.” मग इतका वेळ वेलांटी सापडेना, की मीच ओरडले, “साधी? साधी आहे का हो?” त्यांनी माझ्या गुडघ्यावर एक टकटक केली. एक. मग परत एक. मग एकेकच करत राहिले, थांबेचनात.

आणि हातातलं बटण कुठेतरी दाबलं गेलं असणार, कारण तो गडी खणखणीत आवाजात म्हणाला, “‘गाठ साध’. काहीही सापडलं नाही.”

मी म्हटलं, “ऐकलंत? काही सापडलं नाही म्हणतोय!”

सोफा हलायला लागला. मीही हसत होते, रडतही होते, आणि तो मूर्ख टीव्ही मध्येच म्हणतोय, “तुम्हाला हे आवडू शकेल,” आणि एकामागून एक सिनेमांची नावं वाचतोय.

तुझी,
वहिनी

२५ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी दुकान उघडायच्या आधी वाचायला हवं होतं. एका गृहस्थांचे डोळे तपासत होते, मध्येच वाचलं, आणि मग मलाच तक्त्यावरची अक्षरं दिसेनात. त्यांनी मला रुमाल दिला आणि म्हणाले, “बाई, नंबर तुमचा वाढलाय.”

दादाला सांग, त्याने सगळ्या जगात पहिल्यांदा असा निकाल टीव्हीवरून जाहीर केला असेल. आणि तू त्याला ती वेलांटी शोधू द्यायला हवी होतीस. पूर्ण लिहू दिलं नाहीस, जन्मभराची सवय.

आवाजाचं काय म्हणतायत?

तुझी नणंद

६ मे

प्रिय वन्सं,

आवाज आलाय. निम्मा. पूर्वी मैदानाच्या त्या टोकाला पोचायचा, आता सोफ्याच्या या टोकापर्यंत येतो. मी तिथेच बसते, मला पुरतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, सावकाश वापरा, रोज थोडा. म्हणून आमच्याकडे हल्ली बोलण्याची काटकसर आहे. बाजारात मी घासाघीस करते, हे मागे पिशवी धरतात. माझ्यावर ओरडायचं झालं तर आदल्या दिवशी विचार करून ठेवतात.

काल एक सिनेमा लावला. मुलगी घर सोडून जाते, आई मागे एकटी राहते, असा काहीतरी. त्याला दृश्यवर्णन नाही. अर्ध्याच सिनेमांना असतं, बाकीचे मुकेच. मी कंपनीला त्याबद्दल दोन ईमेल पाठवलेत, तिसरा तयार आहे. त्या फोनवरच्या पोराचं नाव घालून पाठवणार आहे.

मी म्हटलं, “राहू दे, दुसरा लावू.”

हे म्हणाले, “असू दे. सांगतो.”

पूर्वी कसं सांगायचे तुला माहीत आहे. पडदा एक, यांचं बोलणं दहा. काल एकेक शब्द. “पहाट.” मग बऱ्याच वेळाने, “आई दारात.” मग, “हसते. खोटं.” आणि वन्सं, मला ते सगळं इतकं लख्ख कळत होतं, की मी मध्ये एकदाही ‘मग? मग?’ केलं नाही.

शेवटाजवळ बोलणं थांबलं. नुसतं संगीत. कुणाची तरी पावलं, मग तीही नाहीत. मी वाट बघितली. शब्द आला नाही. म्हटलं, “काय चाललंय हो?”

ते म्हणाले, “थांब. बघतोय.”

लग्न झाल्यापासून आम्ही किती सिनेमे एकत्र केले असतील. प्रत्येक वेळी पडद्यावर काही झालं की यांचं तोंड माझ्याकडे. अर्धं बघायचं, उरलेलं मला सांगायच्या गडबडीत सोडायचं. आपल्यासाठी म्हणून एकही दृश्य या माणसाने कधी नुसतं बघितलं नसेल, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी त्यांचा श्वास ऐकत होते. कुठेतरी तो अडकला, मग सुटला. काय झालं असेल पडद्यावर, देव जाणे.

संगीत संपलं तरी ते उठले नाहीत. मीही विचारलं नाही.

तुझी,
वहिनी